विज्ञान कादंबरीतला विनोद पडद्यावर नेताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका विज्ञान कादंबरीवर तुम्ही पटकथा लिहिताय. अवकाशस्थानकावर देखभालीचं काम करणारा एक माणूस ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो. वाचताना तुम्हाला पानोपानी हसू आलं. पण पहिला खर्डा चार जणांना वाचून दाखवला, तेव्हा कुणी हसलं नाही. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही पात्रांच्या तोंडी खुसखुशीत संवाद घातले. आता लोक हसले, पण शेवटी स्थानकावरची हवा संपत येते त्या प्रसंगाला कुणाच्या पोटात गोळा आला नाही. विनोद ठेवला तर भीती जाते आणि भीती ठेवली तर विनोद जातो, मग करायचं काय?

गेली वीस-बावीस वर्षं मी पटकथालेखन आणि संकलन ही दोन्ही कामं करतोय. या अडचणीत मी स्वतः अनेकदा सापडलोय, त्यामुळे जरा लांबण लावून सांगतो.

पहिल्यांदा कादंबरी पुन्हा हातात घ्या. जिथे जिथे हसू आलं तिथे पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारा: हा विनोद कुणाचा आहे? निवेदकाच्या वाक्याचा, पात्राच्या स्वभावाचा, की त्या जगाच्या कारभाराचा? माझ्या अनुभवात विज्ञान कादंबऱ्यांतला बराचसा विनोद पहिल्या प्रकारचा निघतो. वाक्यात असलेला विनोद कॅमेऱ्याला दिसत नाही. तुमचा पहिला खर्डा कोरडा झाला तो इथेच. घटना तुम्ही सगळ्या उचलल्यात, पण त्या घटनांकडे बघणारा निवेदकाचा डोळा कागदावरच राहिला.

सगळ्यात ठळक उदाहरण डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’चं. पृथ्वी पाडायला आलेली अवाढव्य जहाजं आकाशात कशी तरंगत होती, तर विटा जशा तरंगत नाहीत अगदी तशी, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. हे वाक्य छायाचित्रकाराला द्या. तो काय टिपणार? जहाज दिसेल, त्याचं वजन दिसेल, पण ‘नाहीत’ हा शब्द कुठल्याच भिंगातून दिसणार नाही. गंमत पूर्णपणे नकारात आहे आणि चित्राला नकार देता येत नाही.

ॲडम्स यांची ही गोष्ट मुळात कादंबरी नव्हती, हे इथे महत्त्वाचं आहे. मार्च १९७८मध्ये ती बीबीसी रेडिओ ४वर श्रुतिका म्हणून आली आणि कादंबरी १९७९मध्ये निघाली. रेडिओवर निवेदकाचा आवाज हेच मुख्य पात्र असतं. तो आवाज कादंबरीत सहज उतरला, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यातही एक आवाज चालू असतोच. १९८१च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला संगणकाच्या पडद्यासारखी दिसणारी, पण प्रत्यक्षात हाताने काढलेली ॲनिमेशन जोडली. २००५च्या चित्रपटात तेच काम स्टीफन फ्राय यांच्या आवाजाने आणि नव्या ॲनिमेशनने केलं. गोष्टीतच अंतराळप्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका आहे आणि निवेदक तिच्या नोंदी वाचून दाखवतो. त्या नोंदी जिथे येतात तिथे तो चित्रपट छान चालतो, कारण विनोद ज्याचा होता त्यालाच बोलू दिलंय.

दोन पात्रं समोरासमोर येतात तिथे मात्र तो अडखळतो. नायकाचं घर पाडण्याचा आराखडा ‘जाहीरपणे लावलेला’ होता, असा अधिकाऱ्याचा दावा असतो. कादंबरीत नायक सांगत जातो की तो तळघरात होता, तिथले दिवे गेले होते, जिनाही गेला होता, आराखडा एका कुलूपबंद कपाटाच्या तळाशी होता, कपाट बंद पडलेल्या संडासात होतं आणि दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी होती. पायरी पायरीने खाली नेणारी ही रचना आहे आणि शेवटच्या पायरीवर बिबट्या बसलाय. चित्रपटात हे संभाषण आखूड केलंय, बिबट्यापर्यंत ते पोचतच नाही. माहिती तीच राहिली, हसू गेलं. लांबी कमी करायची म्हणून कात्री लावताना लोक विनोदाचा पाया ठेवतात आणि कळस कापतात, कारण कळसात ‘माहिती’ नसते. संकलक म्हणून सांगतो, असा विनोद कापायचाच असेल तर पूर्ण कापा. अर्धा ठेवलेला विनोद दृश्यावर नुसता भार होतो.

मग निवेदकाचा विनोद पडद्यावर न्यायचाच नाही का? न्यायचा, पण त्याचा मालक बदलायचा. तो जगाच्या कारभारात मुरवायचा, नाहीतर पात्राच्या स्वभावात. ‘पार्श्वनिवेदन ठेवू’ हा मोह बहुतेकांना होतो. ते वाईट नसतं, पण चित्रपटभर ते टिकवणं अवघड असतं, कारण पडद्यावर दिसतंय तेच आवाजात ऐकू आलं की दोन्ही एकमेकांना मारतात.

जगाच्या कारभारातून विनोद कसा उभा राहतो, यासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६४च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’इतकं शिकवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. तो पीटर जॉर्ज यांच्या १९५८च्या ‘रेड अलर्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. ती कादंबरी पूर्ण गंभीर थरारकथा आहे: एक अमेरिकी जनरल स्वतःच्या अधिकारात अणुबॉम्ब टाकायला विमानं पाठवतो आणि ती परत बोलावण्याची धडपड सुरू होते. कुब्रिक यांनीही सुरुवात गंभीर चित्रपटापासून केली होती. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की प्रसंग खरा वाटावा म्हणून तपशील भरायला जावं तर त्यातले काही तपशील हास्यास्पद निघतात. ते लपवत बसलं तर प्रसंगाचा गाभाच हातातून जातो. मग त्यांनी ते लपवायचं सोडून दिलं आणि टेरी सदर्न यांना सोबत घेऊन उपहासिका लिहिली.

त्यातला नाण्यांचा प्रसंग आठवा. जग वाचवणारा संकेत ब्रिटिश अधिकाऱ्याला कळलाय, राष्ट्राध्यक्षांना फोन करायचाय, पण सार्वजनिक फोनसाठी सुटी नाणी नाहीत. तो समोरच्या कर्नलला कोका-कोलाच्या यंत्रावर गोळी झाडायला सांगतो, तर कर्नल अडतो: ती खासगी मालमत्ता आहे, कंपनीला जाब द्यावा लागेल! या प्रसंगात कुणीही विनोद करत नाही. कर्नल नियमाला धरून आहे, अधिकारी घाईत आहे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हसू येतं ते दोन बरोबर माणसांमधल्या फटीतून, आणि त्याच फटीतून थंडगार भीतीही आत येते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं मर्म मला या एका प्रसंगात दिसतं. हसवण्यासाठी एक आणि घाबरवण्यासाठी दुसरी, अशा दोन सामग्र्या लागत नाहीत. पात्रांना आपलं जग विचित्र वाटत नसेल, तर एकाच सामग्रीतून दोन्ही निघतं.

अभिनयातही कुब्रिक यांनी हे पाळलं. पीटर सेलर्स यांनी त्यात तीन भूमिका केल्या. त्यांपैकी राष्ट्राध्यक्षाची भूमिका ते सुरुवातीला सर्दीने बेजार झालेल्या माणसासारखी करत होते आणि सेटवरच्या लोकांना हसू आवरत नव्हतं. कुब्रिक यांनी ते काढून टाकलं. राष्ट्राध्यक्ष साधा, समंजस, शांत ठेवला. म्हणून तो फोनवर सोव्हिएत पंतप्रधानाची लहान मुलासारखी समजूत काढतो ते ऐकताना आपण हसतोही आणि हादरतोही. याच्या उलट जनरल टर्जिडसनच्या भूमिकेत जॉर्ज सी. स्कॉट यांच्याकडून मुद्दाम भडक टेक करून घेतले आणि तेच चित्रपटात वापरले. म्हणजे सगळ्यांनी दगडी चेहऱ्याने वावरावं असा नियम नाही. एखादा भडक चालतो, पण त्याच खोलीत कुणीतरी पूर्णपणे शांत असावा लागतो. शेवटी युद्धकक्षात क्रीम पाय फेकून मारण्याचा मोठा प्रसंग चित्रित झाला होता, तोही त्यांनी काढून टाकला. पात्रं स्वतःच मजा करायला लागली की प्रेक्षकाची भीती संपते. एवढ्या खर्चाचा, मेहनतीचा प्रसंग कापायला किती हिंमत लागली असेल, हे संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला चटकन कळेल.

त्याच वर्षी सिडनी लुमेट यांचा ‘फेल सेफ’ आला. तोही कादंबरीवरच बेतलेला, जवळजवळ तेच संकट आणि सूर पूर्ण गंभीर. चित्रपट उत्तम आहे, त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. दोन्ही लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा. कथाबीज एकच असताना सूर बदलला की कुठला तपशील ठेवावासा वाटतो आणि कुठला टाकावासा, हे त्यातून जितकं कळतं तितकं लेखनाच्या कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही.

सूर म्हणजे नेमकं काय, हे नवीन लेखकाला समजावताना मी दोन्ही पाय नसलेला एक सार्जंट पुढे करतो. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये सैन्यभरतीच्या टेबलामागे बसलेल्या सार्जंटला दोन्ही पाय नाहीत, एक हातही नाही. नंतर नायकाला तो ड्युटी संपल्यावर भेटतो तेव्हा कृत्रिम पायांवर व्यवस्थित चालत असतो. टेबलाशी बसताना तो पाय लावत नाही, कारण हौशी पोरांनी ते बघून दोनदा विचार करावा, अशी व्यवस्था आहे. म्हणजे कादंबरीत तो प्रसंग गंभीर आहे, किंबहुना त्या सैन्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. पॉल व्हरहोव्हेन यांच्या १९९७च्या चित्रपटातही तो माणूस आहे. तो नायकाला अभिमानाने सांगतो की पायदळानेच आपल्याला आजचा माणूस बनवलं, मग टेबलापासून मागे सरकतो आणि आपल्याला दिसतं की त्याला पाय नाहीत. माणूस तोच आणि दुखापतही जवळपास तीच. पण कादंबरीत जो इशारा आहे, तो इथे बोचरा उपहास झालाय, आणि त्यासाठी फक्त माहिती कळण्याचा क्रम बदललाय: आधी अभिमान, मग पाय.

व्हरहोव्हेन यांचं बालपण नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये गेलं. सैनिकी शिस्तीचं कौतुक करणारी कादंबरी त्यांनी उलटी करून दाखवली: देखणे चेहरे, लष्करी जाहिरातींसारख्या बातम्या, बेसिल पोलडूरिस यांचं छाती फुगवणारं संगीत. कुठेही डोळा मारलेला नाही. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. प्रदर्शनाच्या वेळी काही समीक्षकांनी तो चित्रपट खरोखरच फॅसिझमचं समर्थन करतोय असं मानलं. हा धोका खरा आहे आणि मी तो झाकणार नाही. व्याजोक्ती पूर्ण गंभीर चेहऱ्याने केली की काही प्रेक्षक ती अक्षरशः घेतात. तरीही, एखाद्या पात्राला कोपऱ्यात उभं करून ‘हे किती वेडेपणाचं आहे’ असं म्हणायला लावण्यापेक्षा मी तो धोका पत्करीन.

मूळ लेखकाशी हा अन्याय आहे का, असाही प्रश्न येतो. तुमच्या बाबतीत तो उद्भवत नाही, कारण तुम्हाला कादंबरीचा सूर राखायचाय. म्हणून त्यात शिरत नाही.

आता तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं उदाहरण, ‘द मार्शियन’. अँडी विअर यांनी ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली, मग २०११मध्ये स्वतःच प्रकाशित केली. रिडली स्कॉट यांचा चित्रपट २०१५चा, पटकथा ड्रू गोडार्ड यांची. मंगळावर एकटा राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ रोज नोंदी लिहितो, त्या नोंदींत त्याचा विनोद आहे. तुमच्या कामगारासारखंच: ‘मी’ बोलतोय आणि हसवतोय.

गोडार्ड यांनी लेखी नोंदींच्या जागी कॅमेऱ्यासमोर बोललेल्या नोंदी आणल्या. वरवर पाहता ही सोपी युक्ती वाटते, पण तिने एक मोठी सोय झाली. नायकाचे दोन चेहरे वेगळे करता आले. कॅमेऱ्यासमोरचा नायक कुणासाठी तरी बोलतोय, धीर धरून आहे, म्हणून विनोद करतोय. कॅमेरा नसतानाचा नायक गप्प आहे. पोटात रुतलेला तुकडा तो स्वतः काढतो तेव्हा विनोद नाही. स्फोटात शेती गेल्यावर रात्री प्लॅस्टिकचा पडदा वाऱ्याने फडफडत असतो आणि तो उरलेले बटाटे मोजत बसतो, तेव्हा विनोद नाही. शेवटी परतीच्या यानात सहकाऱ्यांचा आवाज कानावर पडताच त्याला रडू कोसळतं, तेव्हाही नाही. त्यामुळे विनोद हे त्या माणसाचं जगण्याचं साधन आहे, हे आपल्याला न सांगता कळतं, आणि तो जितका जास्त विनोद करतो तितकी आपली काळजी वाढते. विनोदाने भीती गेली नाही, उलट भीती मोजायचं माप मिळालं.

या चित्रपटाला २०१६च्या गोल्डन ग्लोबमध्ये संगीतपट किंवा विनोदी चित्रपट या गटातलं पारितोषिक मिळालं आणि त्यावरून बराच वाद झाला. माझ्या मते तो विनोदी चित्रपट नाही. त्यात एक विनोदी माणूस आहे. हा फरक तुमच्या भिंतीवर लिहून ठेवावा इतका मोठा आहे, कारण दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही सगळ्यांनाच विनोदी केलंत. स्थानकाचा प्रमुख, डॉक्टर, पुरवठा अधिकारी, सगळे हजरजबाबी झाले आणि सगळ्यांचा आवाज एकच झाला. मग हवा संपताना प्रेक्षक वाट बघतो ती पुढच्या टोल्याची.

ज्यांचा विनोद पडद्यावर आलाच नाही अशा कादंबऱ्याही पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे धावती नजर टाकतो. फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या ज्या कादंबरीवरून ‘ब्लेड रनर’ झाला, तिची सुरुवात नवरा-बायकोच्या भांडणाने होते. हवी ती मनःस्थिती आकडा फिरवून मिळवून देणारं एक यंत्र घरात आहे आणि बायकोने दिवसासाठी चक्क उदासीनता लावून ठेवलीय. टीव्हीवर काहीही असो, तो बघावासा वाटण्यासाठी ८८८ हा आकडा आहे. पोट धरून हसावं असा आणि तितकाच खिन्न करणारा तो प्रसंग आहे. १९८२च्या चित्रपटात ती बायकोही नाही आणि ते यंत्रही नाही. पाऊस, निऑन आणि एकटेपणा यांतून त्याचा सूर बांधला गेला. त्यात ते यंत्र बसलंच नसतं. मला ते गेल्याचं वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता.

स्त्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’चा नायक शिवराळ, तिरकस बोलणारा आहे. तिच्यावरून दिग्दर्शक तार्कोव्हस्की यांनी केलेल्या १९७९च्या ‘स्टॉकर’ची पटकथा त्याच बंधूंच्या नावावर आहे, तरी चित्रपट प्रार्थनेसारखा संथ. स्तानिस्वाव लेम यांच्या ‘सोलारिस’मध्ये एका महासागरावर पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानांचं सूक्ष्म विडंबन आहे, तेही १९७२च्या चित्रपटात फारसं उरलं नाही. हे चित्रपट थोर आहेत. विनोद सोडला म्हणून रूपांतर फसतं असं नाही. पण सोडायचा तर ठरवून सोडावा. अनवधानाने गळून पडला तर मागे भोक राहतं.

कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ या कादंबरीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. कादंबरीत कुठलाही मृत्यू आला की निवेदक ‘असं चालतं’ अशा अर्थाचं एकच छोटं वाक्य टाकून पुढे जातो. शंभराहून जास्त वेळा. सुरुवातीला हसू येतं, मग राग येतो, मग गलबलून येतं. जॉर्ज रॉय हिल यांनी १९७२च्या चित्रपटात ते वाक्य घेतलंच नाही. त्याऐवजी संकलक डेडी ॲलन यांनी एका काळातली हालचाल दुसऱ्या काळातल्या हालचालीला अशी जोडली की युद्धकैदी, म्हातारा आणि लहान मूल एकाच श्वासात येतात. निवेदकाचं निर्विकारपणे खांदे उडवणं संकलनात उतरलं. मालक बदलणं म्हणजे मी काय म्हणतो, ते हे. व्हॉनेगट यांना तो चित्रपट मनापासून आवडला होता.

आणि हसू पुढे भीतीत कसं वळवायचं, याचा अलीकडचा नमुना २०२४च्या ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागात आहे. स्टिलगार हा टोळीप्रमुख नायकाला तारणहार मानायला इतका उतावीळ आहे की नायकाने ‘मी तो नाही’ म्हटलं तरी त्याला तो विनयाचा पुरावा वाटतो. थिएटरमध्ये लोक मोठ्याने हसतात. हाविएर बार्देम ती भूमिका पूर्ण श्रद्धेने करतात, त्यात टिंगल नाही. शेवटच्या भागात तीच श्रद्धा, तोच चेहरा, तसेच डोळे, आणि आता त्याच्या मागे पूर्ण सेना उभी आहे. आपण मघाशी हसलो होतो ते आठवून काटा येतो. दिग्दर्शकाने त्या पात्रात काहीही बदल केला नाही, फक्त त्याच्या श्रद्धेला सत्ता मिळवून दिली.

सूर घसरतो कसा, तेही एका उदाहरणाने सांगतो. १९६८च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये खटल्याच्या प्रसंगी तीन ओरांगउटान न्यायाधीश क्षणभर डोळे, कान आणि तोंड झाकतात, ते सुप्रसिद्ध तीन माकडांसारखे. टाळी मिळते, पण ती माकडं आपल्या जगातली आहेत, त्या न्यायाधीशांच्या जगातली नाहीत. त्यांनी ती पोज घ्यायचं त्यांच्या जगात काही कारण नाही. प्रेक्षकाला हसवायला दिग्दर्शक पडद्याआडून बाहेर आला. चित्रपट मोठा आहे म्हणून तो ते पचवतो, सगळ्यांना ते जमत नाही.

याच्या शेजारी ‘मिकी १७’ ठेवा. एडवर्ड ॲश्टन यांच्या ‘मिकी ७’ या २०२२च्या कादंबरीवरून बाँग जून-हो यांनी २०२५मध्ये केलेला. मेलेल्या कामगाराचं शरीर पुन्हा छापणारं यंत्र त्यात आहे आणि नवं शरीर बाहेर येताना ते कागद अडकलेल्या छपाईयंत्रासारखं मागेपुढे आचके देतं. एका हालचालीत सगळं आलं: त्या जगात माणसाची किंमत किती, कंपनीचं यंत्र कुठल्या दर्जाचं, आणि याची सवय सगळ्यांना कशी झालीय. असे क्षण मला आवडले. वसाहतीच्या प्रमुखाचं मात्र त्यात भडक व्यंगचित्र झालंय. कादंबरीतला प्रमुख कडक, कर्मठ माणूस आहे आणि म्हणून जास्त भीतीदायक आहे. चित्रपटातला प्रमुख आला की यंत्राच्या त्या आचक्यांची धार बोथट होते, असं मला वाटलं. इथे दुमत होऊ शकतं.

आता कागदापलीकडचं, ज्याचा पटकथा लिहिताना विचार होत नाही. विनोदाला शेवटच्या घडीपर्यंत फ्रेम कमी-जास्त करण्याची मोकळीक लागते. प्रेक्षकांसमोर दाखवून बघायचं, हसू आलं नाही तर अर्धा सेकंद काढायचा, पुन्हा दाखवायचं. विज्ञानपटात दृश्यपरिणामांचे शॉट लांबी ठरवून, मागेपुढे थोड्याच जादा फ्रेम ठेवून बनवायला जातात. ते तयार होऊन आल्यावर ‘अजून बारा फ्रेम हव्यात’ म्हटलं की खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. म्हणजे ज्या चित्रपटाला विनोदाची घडी हलवायची गरज असते, त्यातच ती हलवता येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे परग्रहवासी किंवा यंत्रमानव प्रत्यक्ष सेटवर असावा. २००५च्या ‘हिचहायकर्स’मधले व्होगॉन हे परग्रहवासी जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेत बनवलेले खरे पोशाख होते आणि खिन्न यंत्रमानव मार्विनच्या आत वॉरविक डेव्हिस स्वतः चालत होते, ॲलन रिकमन यांचा आवाज नंतर चढवला. समोर कुणीतरी असलं की नट नैसर्गिकपणे थांबतो, वळतो, बघतो. नंतर चित्र भरण्यासाठी लावलेल्या हिरव्या पडद्याकडे बघून आलेली प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने चुकते, आणि विनोदात अर्धा सेकंद फार झाला.

माझ्या एका लघुपटाचं सांगतो. त्यात एक यंत्र म्हाताऱ्या बाईंना अत्यंत नम्रपणे कळवतं की त्यांच्या हृदयाची सेवामुदत संपलीय. चित्रीकरणात आम्ही त्यानंतर बाईंच्या मुलाचा चकित झालेला चेहरा घेतला होता आणि मी तो अभिमानाने जोडला. चार वेळा चार वेगवेगळ्या गटांना दाखवलं. कुणी हसलं नाही, कुणी हललंही नाही. पाचव्या वेळी मुलाचा शॉट काढला. यंत्राच्या वाक्यानंतर थेट बाई चष्मा लावून कागद वाचू लागतात, एवढंच ठेवलं. खोलीत आधी हसू फुटलं आणि लगेच शांतता पसरली, दोन्ही तीन सेकंदांत. मुलाचा चकित चेहरा प्रेक्षकाच्या वाटचं काम करून टाकत होता. तेव्हापासून विचित्र गोष्टीनंतरची चकित प्रतिक्रिया मी पहिल्यांदा काढून बघतो.

उपशीर्षकांबद्दल एक सूचना. यंत्राचं लांब वाक्य एकाच वेळी पडद्यावर आलं तर नटाचं बोलून होण्याआधी प्रेक्षक कळस वाचून मोकळा होतो. असं वाक्य दोन तुकड्यांत तोडा आणि दुसरा तुकडा उशिरा आणा.

आता तुमची पटकथा. तुम्ही लिहिलंय की कादंबरीत तो कामगार प्रत्येक बिघाडाचा तक्रार-अर्ज भरतो आणि अर्जातले रकाने आयुष्याला कधीच लागू पडत नाहीत, ही त्याची लाडकी तक्रार आहे. हेच तुमचं भांडवल आहे. दुसऱ्या खर्ड्यात त्यावर त्याला तीन पानी स्वगत दिलंय, ते काढा. तो अर्ज आम्हाला दाखवा. ‘बिघाडामुळे झालेली गैरसोय’ या रकान्यात थोडी, मध्यम, जास्त असे तीनच पर्याय आहेत, तो पेन हातात धरून विचार करतोय. एवढ्या एका दृश्यात निवेदकाची दहा वाक्यं सामावतात.

प्रमुख, डॉक्टर आणि पुरवठा अधिकारी यांचे सगळे टोले काढून टाका. हे तिघं अर्ज गंभीरपणे घेणारे लोक हवेत, आणि चांगले लोक हवेत. पुरवठा अधिकारी अर्ज परत पाठवते ती दुष्टपणाने नाही. सही चुकीच्या रकान्यात आहे आणि तिला खरोखरच काळजी आहे की त्यामुळे भाग पोचायला उशीर होईल.

कामगाराला स्वतःचा विनोद ठेवा, पण तो कुणासमोर करतो ते ठरवा. मला वाटतं, नव्याने आलेल्या शिकाऊ मुलीसमोर, तिला धीर वाटावा म्हणून. एकटा असताना त्याने एकही विनोद करू नये. मग हवा कमी होऊ लागल्यावर तो तिच्यासमोर पहिल्यांदा गप्प होईल, तेव्हा ती घाबरेल आणि तिच्याबरोबर आम्हीही.

अर्ज तीन वेळा यावा. पहिल्यांदा बंद पडलेल्या पंख्यासाठी, तेव्हा लोक हसतील. दुसऱ्यांदा एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर. तिथे तो ‘जास्त’वर खूण करतो, मग खोडतो, कारण त्या माणसासाठी हा शब्द त्याला अपुरा वाटतो. तिसऱ्यांदा हवेसाठी. तिन्ही वेळा अर्ज तोच, कॅमेऱ्याची जागा तीच, संगीत नाही. तिसऱ्या वेळी रकाना कोण भरतं, तो की ती मुलगी, हा निर्णय तुमचा. कादंबरीत तो भरतो, मी तिच्या हातात पेन देईन. आणि तो कागद पडद्यावर किती वेळ ठेवायचा हे लिहिताना ठरवू नका. चित्रीकरणात तो शॉट वाटतं त्याच्या तिप्पट लांब घेऊन ठेवायला सांगा.